सकाळी सरळ, दुपारी वाकडी: नागपूरच्या उन्हात आमच्या फ्रंट विंगचं काय झालं

हे प्रकरण मागच्या उन्हाळ्यातलं. आमची कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम, म्हणजे पोट्टे स्वतः डिझाइन करून, स्वतः वेल्डिंग करून एका माणसाची उघड्या चाकांची रेस कार बनवतात ना, ती. इंजिन केटीएमचं ३७३ सीसीचं, चेसिस स्टील पाइपची, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच पूर्ण एरो पॅकेज, म्हणजे हवेच्या जोरानं गाडी जमिनीवर दाबणारे भाग, लावलं होतं, पुढे विंग, मागे विंग आणि तळाशी थोडासा अंडरट्रे. एरोचा लीड मी होतो. जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी धावली, विंगनं काहीही त्रास दिला नाही. तीच विंग, तेच बोल्ट, तीच गाडी मे महिन्यात नागपुरात बाहेर काढली आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर गाडीतून उतरून म्हणाला, "दादा, ही आपली गाडीच नाही वाटून राहिली."

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण एरोवर मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक डाउनफोर्स (हवेनं गाडीला खाली दाबणारं बळ) म्हणजे काय आणि फॉर्म्युला वनची गाडी छतावर उलटी चालेल का एवढ्यावरच थांबतं, आणि ज्यांना खरंच विंग बनवायची आहे, तीही विदर्भात, त्यांच्या कामाचं त्यात काहीच नसतं.

आधी विंग कशी होती ते सांगतो. फ्रंट विंगची रुंदी १३६० मिमी, मेन प्लेनची, म्हणजे मुख्य पात्याची, कॉर्ड (पुढून मागेपर्यंतची लांबी) ३०० मिमी, त्यामागे दोन छोटी पाती म्हणजे फ्लॅप, दोन्ही टोकांना उभी एंडप्लेट. मेन प्लेनचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून ४५ मिमीवर. आत कोर म्हणून एक्सपीएस फोम, हॉट वायरनं कापलेला, त्यावर कार्बनच्या कापडाचे दोन थर, हातानं एपॉक्सी, म्हणजे धाग्यांना धरून कडक होणारं रेझिन, लावून वरून व्हॅक्यूम बॅग. विंग धरायला मधोमध ॲल्युमिनियमच्या दोन प्लेटा, एकमेकींपासून ३०० मिमीवर. म्हणजे दोन्ही बाजूंना ५३० मिमी विंग नुसती हवेत, बाल्कनीसारखी, आणि त्या बाल्कनीच्या टोकाला ६०० ग्रॅमची एंडप्लेट लटकलेली. आज हे वाचताना कोणालाही खटकेल, पण त्या वेळी मधल्या प्लेटा जवळ ठेवल्या की खालून जाणारी हवा स्वच्छ राहते, आणि सीएफडीत (संगणकावरच्या हवेच्या प्रवाहाच्या हिशोबात) त्याचे दोन-तीन टक्के फायद्याचे दिसत होते, म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो.

सीएफडीप्रमाणे ताशी ६० किमीला फ्रंट विंगवर साधारण १९ किलोचा डाउनफोर्स यायला पाहिजे होता. हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेचा, जिची घनता घनमीटरला १.२२५ किलो धरतात. नागपूर साधारण ३१० मीटर उंचीवर आणि मे मध्ये पारा ४३, हिशोब केला तर घनता १.०८ च्या आसपास येते, म्हणजे १२ टक्के कमी. १९ चे १७ किलो तिथेच झाले. आणि गंमत म्हणजे हीच पातळ हवा रेडिएटरलाही मिळते, पण तो विषय वेगळा.

नियमाची टेस्टही आम्ही पास केली होती. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये एरोच्या कुठल्याही भागावर २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजन, कमीत कमी २२५ चौरस सेंटिमीटर जागेवर पसरवून दिलं तर तो १० मिमीपेक्षा जास्त वाकला नाही पाहिजे. शिवाय ५० न्यूटन कुठल्याही बिंदूवर, कुठल्याही दिशेनं दिले तर २५ मिमीच्या आत. आम्ही डिसेंबरमध्ये वर्कशॉपमध्ये रेतीची पिशवी ठेवून मोजलं, टोकाजवळ ८ मिमी. वहीत लिहिलं, खाली सही केली, विषय संपला.

तीन दिवस

मे मध्ये टेस्टिंगचं कारण साधं होतं, जुनी गाडी चालवून नवीन ड्रायव्हर तयार करायचे आणि पुढच्या गाडीसाठी डेटा गोळा करायचा. हिंगणा रोडकडे एका गोडाऊनचं मोठं काँक्रीटचं आवार सुट्टीच्या दिवसांत मिळालं होतं. सकाळी ६ ला तिथे पोचायचं, कोन मांडायचे, ९ पर्यंत चालवायचं, मग तर्री पोहे, मग परत. शहाणी माणसं मे महिन्यात १० नंतर कूलरसमोरून हलत नाहीत, पण आमच्याकडे जागा तीनच दिवस होती म्हणून दुपारीही चालवलं. ड्रायव्हरला सूट, बालाक्लाव्हा, हेल्मेट, त्यामुळे दर चार लॅपनंतर उतरवायचो, ओला टॉवेल, ताक, मीठ-साखरेचं पाणी. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी हा भाग हलक्यात घेऊ नका.

पहिल्या दिवशी सकाळी गाडी मस्त. दुपारी १२ नंतर ड्रायव्हर म्हणायला लागला की वळणात शिरताना पुढचं जरा जास्तच चावतंय, मागचं सुटल्यासारखं वाटतंय, आणि वळणाच्या मध्यावर गेलं की एकदम पुढचं सोडून देतंय, स्टिअरिंग हलकं पडतंय. म्हणजे एकाच वळणात आधी ओव्हरस्टिअर, मग अंडरस्टिअर. सस्पेन्शनवाला म्हणाला टायर तापले. म्हणणं बरोबर वाटलं, काँक्रीटवर हात टेकत नव्हता. प्रेशर कमी केलं, फरक नाही. दुसऱ्या दिवशी डँपरवर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरवर, संशय, तेल पातळ झालं असेल म्हणून क्लिक बदलले, तेही नाही. एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणत होता "अबे तूच काहीतरी करून राहिला", त्यावरून थोडी गरमागरमीही झाली. दोन दिवस असे गेले आणि या दोन दिवसांत विंगकडे कोणीही पाहिलं नाही, मीही नाही, कारण विंग जानेवारीत बरोबर होती आणि तिला हलणारा एकही भाग नाही, मग तिच्यात बिघडणार काय.

तिसऱ्या दिवशी दुपारी टायर बदलताना एका ज्युनिअरनं डाव्या एंडप्लेटच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर पांढरी पूड. काँक्रीटची. कडेचा काळा कार्बन सुमारे हातभर घासून राखाडी झालेला, आणि घासलेली जागा ताजी होती, कारण त्यावर धूळ बसलेली नव्हती. जी कड जमिनीपासून चांगली दोन बोटं वर पाहिजे ती जमिनीला लागत होती.

मग आम्ही एक साधी गोष्ट केली जी पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होती. सरळ पट्ट्यावर, जिथे गाडी ताशी ५०-६० ला जाते, तिथे बाजूला जमिनीवर मोबाइल ठेवला, मागे मिमीच्या खुणा केलेला पांढरा पुठ्ठा उभा केला आणि गाडी त्याच्यासमोरून नेली. सकाळच्या गार वेळेतला एक व्हिडिओ आधीच एका पोट्ट्यानं सहज काढून ठेवला होता, तोही कामाला आला. सकाळी मेन प्लेनच्या टोकाचं जमिनीपासून अंतर साधारण ३६ मिमी. दुपारी दीडला २३. आणि डिझाइनमध्ये ४५. म्हणजे सकाळीसुद्धा ती ९ मिमी खाली आलेली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

हवेच्या बाजूनं काय घडत होतं

इथे जरा थांबून सांगतो, कारण ड्रायव्हरच्या तक्रारीचा शब्दन् शब्द खरा निघाला.

रेस कारची फ्रंट विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा करून जमिनीजवळ आणलेला. तिच्या पोटाखालून जाणारी हवा जमीन आणि विंग यांच्या चिंचोळ्या जागेतून निघताना वेग घेते, दाब कमी होतो, विंग खाली ओढली जाते. विंग जितकी जमिनीजवळ तितकी ओढ जास्त, पण हे एका मर्यादेपर्यंतच. फार जवळ गेली की विंगला आणि जमिनीला चिकटून चालणारे हवेचे संथ थर जवळजवळ एकमेकांना भिडतात, मधून हवा नीट निघत नाही, मागच्या बाजूला प्रवाह सुटतो आणि डाउनफोर्स घसरतो. आमच्या विंगसाठी सीएफडीत हे शिखर २५ ते ३० मिमीच्या दरम्यान होतं, म्हणजे कॉर्डच्या साधारण दहाव्या हिश्श्याजवळ.

आता दुपारची गाडी बघा. वळणाच्या आधी टोकं खाली आलेली, शिखराच्या आसपास, म्हणून पुढे ठरल्यापेक्षा जास्त पकड, म्हणून शिरताना मागचं सुटतंय. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तिथलं टोक अजून ६-७ मिमी खाली जातं, शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर पडतं आणि बाहेरच्या टायरला ज्या क्षणी सगळ्यात जास्त आधार पाहिजे त्याच क्षणी पुढचा डाउनफोर्स जातो. ड्रायव्हर दोन दिवस हेच सांगत होता आणि आम्ही टायरमध्ये हवा कमीजास्त करत बसलो होतो.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात सगळ्या जगानं २०२२ मध्ये पाहिली. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गाडीच्या तळाखालचे, हवेला वेग देऊन गाडी खाली ओढणारे व्हेंचुरी बोगदे परत आले आणि गाड्या सरळ रस्त्यावर वेगात टपाटपा उड्या मारायला लागल्या, ज्याला पोर्पोइझिंग म्हणतात. तळ खाली ओढला जातो, फार खाली गेला की प्रवाह तुटतो, ओढ जाते, गाडी वर येते, प्रवाह परत जुळतो, परत खाली. बाकूच्या रेसनंतर ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला ते आठवत असेल. तळाच्या कडा लवचीक असल्या तर हे अजून बिघडतं, म्हणून तळाला ताण द्यायला छोट्या सळ्या लावायची परवानगी मिळाली, मग बेल्जियमच्या रेसपासून उभ्या हेलकाव्यांवर मोजमापाची मर्यादा आली आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिमीनं वर उचलायला लावल्या. १५ मिमी म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढं अंतर, आणि त्यासाठी जगातल्या सगळ्यात महागड्या टीमनी आपले तळ बदलले. १९७८ मध्ये मारिओ अँड्रेटीच्या लोटस ७९ नं जमिनीजवळच्या याच ओढीच्या, म्हणजे ग्राउंड इफेक्टच्या, जोरावर विजेतेपद मिळवलं आणि १९८३ पासून तळ सपाट करायला लावून तो बंद केला, त्या काळातल्या इंजिनिअरांनाही हे उड्यांचं दुखणं माहीत होतं.

आमच्या बाबतीत उड्या नव्हत्या, ताशी ६० ला तेवढं बळच नसतं. पण मूळ तेच, जमिनीजवळची विंग आपला डाउनफोर्स स्वतःच्या उंचीवरून ठरवते आणि आमची उंची घड्याळावर अवलंबून झाली होती.

विंग वाकली का

गोडाऊनच्या सावलीत सकाळी ७ ला टोकावर ५ किलोची रेतीची पिशवी ठेवली, २ मिमी वाकली, उचलली तर पूर्ण परत. तीच पिशवी दुपारी दीडला, गाडी उन्हात अर्धा तास उभी ठेवून, १५ मिमी. उचलल्यावर २० मिनिटं थांबलो तरी ४ मिमी तशीच राहिली. मी इन्फ्रारेड गन विंगच्या वरच्या बाजूला धरली, ६८ अंश. पुन्हा धरली, परत ६८. हवेचं तापमान ४३ होतं, पण काळा कार्बन, माथ्यावर ऊन आणि खाली तापलेलं काँक्रीट.

कंपोझिटचं काम बघणारी आमच्या बॅचची मुलगी तिथेच खाली बसली आणि मोबाइलवर एपॉक्सीची डेटाशीट उघडली. ती शीट आम्ही दोघांनीही डिसेंबरमध्ये वाचली होती. मजबुतीचे आकडे वाचले होते, मिक्सिंगचं प्रमाण वाचलं होतं. तिनं स्क्रीन माझ्याकडे केली. ग्लास ट्रान्झिशन तापमानाच्या ओळीत चांगला आकडा होता, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात, बारीक अक्षरात, तो आकडा कशानंतरचा ते लिहिलं होतं: ८० अंशांवर काही तास पोस्ट-क्युअर (कडक झाल्यावर पुन्हा भाजणं) केल्यानंतर.

आम्ही पोस्ट-क्युअर केलाच नव्हता.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी, चिक्की घ्या. जानेवारीत ती कडकन तुटते, मे मध्ये तीच वाकते, दाताला चिकटते. गूळ वितळलेला नसतो, पण कडक काचेसारख्या अवस्थेतून तो मऊ अवस्थेत गेलेला असतो. एपॉक्सीचंही असं एक तापमान असतं, सगळे त्याला टीजी म्हणतात. त्याच्या खाली ते कडक, त्याच्या जवळ पोचलं की ढिलं पडायला लागतं. कार्बनचे धागे स्वतः ६८ अंशांना काहीही दाद देत नाहीत, पण त्यांना जागेवर धरून ठेवणारं रेझिनच सैल झालं तर दाबाखालचे धागे बाजूला झुकतात आणि थर एकमेकांवर सरकतात. म्हणून "कार्बन आहे, काय होते" हे जे आम्ही म्हणायचो ते निम्मंच खरं.

आणि टीजी हा रेझिनच्या डब्यात भरून येत नाही, तो तुम्ही ते कसं क्युअर करता, म्हणजे कडक होऊ देता, त्यावर ठरतो. थंड जागेत लावलं की ते कडक व्हायला लागतं, आणि एकदा कडक झालं की आतल्या रेणूंना हलायला जागा उरत नाही, प्रक्रिया जवळजवळ थांबते. साधारणपणे टीजी हा क्युअरच्या तापमानाच्या थोडाच वर जाऊन अडकतो. आमची विंग बनली डिसेंबरच्या रात्री. नागपूरची डिसेंबरची रात्र, वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं कारण वासानं डोकं दुखत होतं, आत १३-१४ अंश. मला आठवतं, रात्री २ ला हात लावला तर अजून चिकट होतं आणि आम्ही खूश होतो, की बरं झालं, घाई नाही, आरामात सुरकुत्या काढता येतात. एप्रिलच्या गरमीत ठेवलेली असताना ती थोडी अजून पिकली असणार, पण ६८ ला पुरेल एवढी नाही.

त्यातून अजून एक वाईट गोष्ट. उन्हात तापली की मऊ होते, पण त्याच तापमानाला उरलेली प्रक्रियाही पुढे सरकते. म्हणजे वाकलेल्या आकारात ती रोज थोडी थोडी पक्की होत होती. सकाळचे ते ९ मिमी इथून आले, आम्ही स्वतःच आमची विंग वाकडी भाजत होतो.

मोठ्या टीमना ही अडचण येत नाही कारण त्यांचा कार्बन आधीच रेझिन भरलेला प्रीप्रेग असतो आणि तो ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखाली, शंभराच्या बऱ्याच वरच्या तापमानाला भाजतात. १९८१ ची मॅकलारेन एमपी ४/१, डिझायनर जॉन बर्नार्डची, पहिली कार्बन मोनोकॉकची (ड्रायव्हर बसतो तो एकसंध सांगाडा) फॉर्म्युला वन गाडी, तिचं मोनोकॉक भाजून घ्यायला अमेरिकेत युटामधल्या हर्क्युलिस कंपनीकडे जावं लागलं होतं. पण वाकण्याचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही, फक्त तिथे तो मुद्दाम वापरतात. थर कोणत्या कोनात लावायचे हे असं ठरवतात की वेग वाढला की फ्लॅप मागे झुकावा, हळू वळणात पुढे भरपूर पकड आणि वेगवान वळणात गाडी शांत. म्हणूनच २०२५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून फ्रंट विंगच्या दोन्ही बाजूंना सारखा १००० न्यूटनचा भार दिल्यावर चालणारं वाकणं १५ मिमीवरून १० मिमीवर आणलं. आमच्या विंगवर दुपारी ५ किलोला १५ मिमी होतं, हा आकडा मी त्या दिवशी वहीत दोनदा लिहिला.

मागची विंग

खरं सांगायचं तर फ्रंट विंगपेक्षा मला यानंतरच्या गोष्टीनं जास्त हलवलं. त्याच दुपारी सगळं पॅक करताना रिअर विंगचा एक बोल्ट जरा ढिला वाटला म्हणून पाना लावला. नट घट्ट व्हायला पाहिजे होता, तो झाला नाही, गोल गोल फिरत राहिला, आणि पाहिलं तर विंगच्या आत चिकटवलेला, बोल्ट धरणारा ॲल्युमिनियमचा तुकडा, म्हणजे इन्सर्टच, अख्खा फिरत होता. तोही त्याच एपॉक्सीनं चिकटवलेला, त्याच डिसेंबरात. बोटानं बाजूला दाबला तर हलला. विंग फक्त चार अशा इन्सर्टवर उभी, मागे ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर.

१९६९ मध्ये स्पेनमध्ये, माँटयुइकच्या रस्त्यावर, लोटसच्या ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या गाड्यांच्या उंच सळ्यांवर उभ्या केलेल्या मागच्या विंगा एकाच रेसमध्ये, एकाच चढाजवळ कोसळल्या. दोघंही वाचले, रिंटला लागलं. त्या विंगा थेट सस्पेन्शनवर बसवलेल्या, डाउनफोर्स सरळ चाकांवर, कल्पना एकदम हुशारीची, पण बळ कुठून कुठे उतरतं त्या सळ्यांनी ते पेललं नाही. त्याच महिन्यात मोनॅकोला सरावाच्या दरम्यानच उंच विंगांवर बंदी आली. हे मी वर्गात ज्युनिअरना दोनदा शिकवलं होतं. तो फिरणारा इन्सर्ट हातात असताना मला ते आठवलं आणि मी तिथेच टेस्टिंग थांबवलं. एक पोट्टा म्हणाला दोन लॅप राहिले, डेटा पूर्ण होऊ दे. नाही म्हटलं.

दुरुस्ती

पुढचे दोन आठवडे चार कामं केली आणि त्यातलं एकही फार शहाणपणाचं नाही, सगळी साधी.

सगळ्यात मोठा फायदा माउंटमधून आला. मधल्या दोन प्लेटांमधलं अंतर ३०० वरून ५२० मिमीवर नेलं, त्यामुळे हवेत राहणारा भाग ५३० चा ४२० झाला. नुसता ११० मिमीचा फरक, पण सगळीकडे पसरलेल्या भाराखाली बाल्कनीचं टोक किती वाकेल हे लांबीच्या चौथ्या घातावर जातं, ४२० भागिले ५३० चा चौथा घात केला तर ०.३९, म्हणजे वाकणं ४० टक्क्यांवर. त्यासाठी सीएफडीतला जो दीड टक्का गेला तो मी आनंदानं सोडला. मेन प्लेनमधून २५ मिमीची कार्बन ट्यूब आरपार घातली, विंगच्या सगळ्यात जाड जागेपेक्षा जरा पुढे. हिचं कारण वाकण्यापेक्षा पिळण्यात आहे: हवेचं बळ साधारण पुढच्या पाव कॉर्डवर येतं, विंगचा पिळाचा अक्ष त्याच्या मागे असेल तर नाक खाली पिळलं जातं, उलट्या विंगमध्ये नाक खाली म्हणजे कोन जास्त, कोन जास्त म्हणजे बळ जास्त, बळ जास्त म्हणजे पीळ अजून जास्त. ट्यूब पुढे आणली की अक्ष बळाच्या जवळ येतो आणि ही साखळी तुटते. वजन ४२० ग्रॅम वाढलं, तेही गाडीच्या अगदी नाकावर, यावर आमच्यात एक संध्याकाळ भांडण झालं.

दुसरं, भाजणं. नवीन विंग, तेच रेझिन, पण पोस्ट-क्युअर करायला ओव्हन कुठून आणणार. आमच्या गल्लीतले वेल्डिंगवाले काका दर उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करतात, त्यांच्याकडे गंजलेल्या जुन्या कूलरच्या बॉड्या पडलेल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाले, "काका गार करून देते, तुम्ही गरम करून राहिले, घेऊन जा." तीन बॉड्या एका ओळीत ठेवून मधले पत्रे कापले, सांधे रिव्हेट केले, आतून ग्लासवूल, एका टोकाला ब्लोअर हीटर, दुसऱ्या टोकाला छोटा पंखा म्हणजे हवा फिरत राहील, तापमान धरायला कंट्रोलर आणि विंगच्याच पृष्ठभागावर चिकटवलेले तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा), कारण डब्याच्या हवेचं तापमान आणि विंगचं तापमान यात पहिल्या प्रयोगात ११ अंशांचा फरक आला होता. डेटाशीटमधले ८० अंश आम्हाला देता येत नव्हते, कारण आतला एक्सपीएस ७५ च्या पुढे बसायला लागतो. म्हणून ६८ वर १६ तास, आणि तिथपर्यंत चढवताना तासाला १० अंशांपेक्षा जास्त घाई नाही. चढवताना विंग मऊ अवस्थेतूनच जाते, त्यामुळे तिला पूर्ण लांबीभर जिगवर, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या आधारावर, बसवून, वरून पट्ट्यांनी हलकं दाबून ठेवायचं, नाहीतर ती ओव्हनमध्येच वाकडी होऊन कायमची तशीच पक्की होईल. रात्रभर दोघं दोघं जागले, हीटर आणि फोम एकाच डब्यात असताना एकटं सोडून जायचं नाही, जवळ आग विझवायचं सिलिंडर.

तिसरं, पांढरा रंग. काळा कार्बन दिसायला जबरदस्त आणि ज्युनिअर मंडळींना तो लपवायचा नव्हता, पण अर्ध्या विंगला पांढरं व्हिनाइल लावून उन्हात ठेवलं आणि गन धरली, काळी बाजू ६७, पांढरी ४९. यानंतर कोणी काही बोललं नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी उभी असताना विंगवर सुती पांढरी चादर टाकायची हेही तेव्हाच ठरलं.

चौथं, रिअर विंगचे चिकटवलेले इन्सर्ट सगळे काढून टाकले. आता आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठ्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा, मध्ये फोमच्या जागी भरीव तुकडा. चिकटवणं आहेच, पण सगळं बळ त्याच्यावर नाही.

नवतपा लागला त्या आठवड्यात गाडी परत त्याच आवारात नेली. सावलीत ४४. सकाळी ५ किलोला टोक १ मिमी, दुपारी उन्हात तासभर उभी ठेवून दीड मिमी, पिशवी उचलली की काटा परत शून्यावर. व्हिडिओत सकाळी ४४, दुपारी ४३. ड्रायव्हरनं सहा लॅप मारले, उतरला, हेल्मेट काढायच्या आधीच अंगठा वर केला, मग पाणी पिऊन म्हणाला की वळणाच्या मध्यावर आता पुढचं धरून राहतं, फक्त बाहेर पडताना मागचे टायर सरकतात. ते टायर खरंच तापलेले होते, ७० च्या वर, त्यामुळे सस्पेन्शनवाल्याचं म्हणणं निदान एवढ्यापुरतं खरं ठरलं आणि प्रेशरचं काम त्यानं त्याच संध्याकाळी सुरू केलं.

जुनी विंग वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेली आहे, डाव्या एंडप्लेटवरची घासलेली जागा तशीच. लोड टेस्ट आता डिसेंबरात एकदा होते आणि मे मध्ये दुपारी २ ला बाहेर अंगणात परत एकदा होते, वहीत वजनाच्या आणि मिमीच्या रकान्याशेजारी पृष्ठभागाच्या तापमानाचा एक रकाना वाढवलाय.